देवकाबायची परात

दिवाळी अंकात आहारतज्ज्ञाकडून लेख मागवणं हा संपादकांचा विनोद आहे की सूड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हा अंक उघडताना तुमच्या एका हातात चकली असणार, आणि पान उलटताना त्यावर तुपाचा डागही पडला असणार. पडू दे. मी निवृत्त झाले आहे. कुणाच्या हातातली चकली मोजणं आता माझं काम राहिलेलं नाही.

सगळा जन्म मात्र तेच केलं. बोईसरच्या एका लहानशा खासगी रुग्णालयात तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी माझी खोली होती. टेबलावर वाट्या-चमचे, एक रबराची चपाती आणि प्लास्टिकचा भात, कोपऱ्यात वजनकाटा. बाहेरच्या पाटीवर 'आहार सल्ला' असं होतं, पण लोकांसाठी मी 'डाएटवाल्या मॅडम'. एमआयडीसीतले ऑपरेटर, कॉलनीतले साहेब, किनाऱ्यावरच्या कोळणी, डोंगरपट्टीतून उतरून आलेल्या लेकुरवाळ्या बाया, सगळे त्याच बाकावर बसायचे. त्यामुळे एकाला 'जरा कमी खा' म्हणून झालं की पुढच्याच बाईला 'अगं, थोडं तरी खात जा' म्हणायची पाळी यायची. पहिलं वाक्य सोपं असतं. दुसरं म्हणताना मी नेहमी खाली बघायचे, कारण त्या बाईच्या घरात काय आहे आणि काय नाही ते तिच्या मनगटावरच दिसत असायचं.

आमच्या धंद्याचं मुख्य हत्यार म्हणजे एक प्रश्न. 'काल सकाळपासून काय काय खाल्लं?' बस, एवढंच. त्याच्या मागे दोन लहान प्रश्न असतात, 'मग?' आणि 'अजून?' माणसं पहिल्या प्रश्नाला खोटं बोलतात, दुसऱ्याला अर्धं खरं आणि तिसऱ्याला कंटाळून खरं. चहा कुणी खाण्यात धरत नाही. चहाबरोबरची बिस्किटं तर हवेतच विरतात. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलाच्या ताटातली उरलेली पोळी, देवळातला प्रसाद, यांतलं काहीच कुणाला आठवत नाही. मला मात्र 'अजून?' हा शब्द इतक्या गोडीने विचारता यायचा की भल्याभल्यांनी फरसाणाच्या पुड्या कबूल केल्या आहेत.

गेल्या काही वर्षांत एक नवंच प्रकरण आलं. आधी माणसं मला विचारत, काय खाऊ? आता विचारू लागली, कधी खाऊ? मोबाइलमुळे घराघरात 'सोळा-आठ' पोचलं होतं. सोळा तास पोट रिकामं ठेवायचं आणि जे काय खायचं ते आठ तासांत. या आठ तासांना सगळे 'विंडो' म्हणत. कोळ्यांच्या घिवली गावच्या बंदरावरही मी तो शब्द ऐकला आहे.

कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले ते तक्रार घेऊनच. रात्री आठ ते दुपारी बारा अगदी निष्ठेने उपास, आणि तरी वजन वाढतंय. मी माझं हत्यार काढलं.

"सकाळी नऊ वाजता?"

"साबुदाण्याची खिचडी."

"पण ती तर तुमची उपासाची वेळ."

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "उपासाच्या वेळेत मी फक्त उपासाचंच खातो."

पुढे राजगिऱ्याचे लाडू निघाले, बटाट्याचे वेफर्स निघाले, रताळ्याचा कीसही निघाला. शिवाय बारानंतरचं रीतसर जेवण होतंच. हसू दाबताना माझ्या बरगड्या दुखल्या. पण त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे उपास म्हणजे न खाणं असं कुणी कधी शिकवलंय? मग मी त्यांना कॅलरी समजावून सांगितली. कॅलरी म्हणजे खाण्यातून मिळणारं सरपण. शरीर जाळतं तेवढंच घातलं तर वजन जागच्या जागी राहतं, जास्त घातलं तर कमरेभोवती रचून ठेवलं जातं. सोळा तास चूल थंड ठेवून मग आठ तासांत सगळा भारा कोंबला, तर घड्याळ पाळल्याचं पुण्य मिळतं, वजन काही उतरत नाही. आणि ज्यांना कसल्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मोबाइलला विचारून उपाशी राहूच नये.

कुंभवलीत खोली करून राहणारा एक उत्तर प्रदेशचा कामगार आला होता. त्याला आठवड्याआड रात्रपाळी. "मैडम, मोबाइल बोलता है, बारह से आठ खाओ. उस टाइम तो मैं सोता हूँ. सोऊँ कि खाऊँ?" त्याचा चेहरा इतका खरोखरचा अडचणीत होता की मी आधी त्याला बसायला सांगितलं. विंडो मोबाइलने ठरवायची नसते, बाबा. ती माणसाच्या दिवसाप्रमाणे हलवता येते, पुढेही आणि मागेही. स्टेशन रोडवरच्या जैन कापडवाल्यांनी हाच नवा शोध मला उत्साहाने सांगितला, तेव्हा मी म्हटलं, "शेठ, तुमच्या मातोश्री जन्मभर दिवस मावळायच्या आत जेवतात. त्यांना विचारलं असतंत तर मोबाइल कशाला लागला असता?" ते गंभीर झाले आणि म्हणाले, "घरात कोण कुणाला विचारतं, मॅडम?"

त्यांच्या या वाक्यापाशीच देवकाबायची गोष्ट सुरू होते.

एका मंगळवारी बोईसरच्या मासळी बाजारातून तिला रिक्षात घालून आणलं. टोपलीमागे बसल्या बसल्या तिला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले आणि ती शेजारणीच्या अंगावर कलंडली. डॉक्टरांनी साखर तपासली, ती खूपच खाली गेलेली. ग्लुकोज देऊन, तासाभराने तिला खाली माझ्याकडे पाठवलं. घिवलीची कोळीण, साठीची, काटक, अंगावर चोपून नेसलेलं लुगडं आणि केसांत अबोली. डायबिटीसची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू होती.

"मी काय आजारी नाय, बाय," आत येतानाच तिने जाहीर केलं. "ऊन लागला."

"काल सकाळपासून काय काय खाल्लं?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हनजे सगळं. भाकरी, कालवन, भात. कोळ्याच्या घरात काय कमी हाय?" मग तिने माझी रबराची चपाती उचलली, वाकवून बघितली आणि परत ठेवली. "ही बनवली कोनी? तिला आदी पीठ मळाया शिकव."

"आज सकाळी किती भाकऱ्या खाल्ल्यात?"

"आज टाइम नाय झाला."

"काल?"

"काल पन नाय."

"परवा?"

ती लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. मी 'अजून?' म्हटलं नाही. काही वेळा नुसतं थांबावं लागतं.

मग तिच्याकडून हळूहळू कळलं. त्यांच्या घरात एक जुनी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, परात आहे. माणसं होडीवर गेली की बाजाराला निघण्याआधी घरातल्या सासू-सुना त्या एका परातीत जेवतात. तांदळाची भाकरी, रात्रीचं कालवण, नाहीतर चुलीत भाजलेला सुका बोंबील. देवकाबाय नवी नवरी होती तेव्हा ती सासूबरोबर त्या परातीत जेवली, आणि आता तिची सून तिच्याबरोबर जेवायची. रीत अशी की दोघींनी एकदम हात घालायचा आणि एकदमच उठायचं. एक बसली नाही तर दुसरी जेवत नाही. आणि त्या घरात जेवायला न बसणं म्हणजे राग. तिथे कुणी आरडाओरडा करत नाही, भांडी आपटत नाही. नवरा रागावला की ताटावर बसत नाही, मुलगा रागावला की बसत नाही, आणि बाकीचे काय ते समजतात.

"सून माझी घाटावरची," ती सांगू लागली. "बाप तिचा फॅक्टरीत नोकरीला आलेला. लव्ह म्यारेज. आली तवा मासलीचा वास सोसायची नाय, नाक दाबून बसायची. मी तिला एकेक काटा काडून शिकवली खायाला. आता बोंबील माझ्यापरीस चांगला खाते. आन आता महिना झाला, बसतच नाय. परात काडली का बोलते, 'आई, तुम्ही जेवा.' ग्लासभर पानी पिते आन कामाला जाते. गोड बोलते, पन बसत नाय. मी एकटी कशी जेवू, बाय?"

"तिला विचारलंत का, काय झालं म्हणून?"

"काय इचारू? माझ्या हातचं नको झालं तिला. त्ये तिच्या तोंडून आयकू?" तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "लेकाला बोलली मी, मागच्या पडवीत तिला येगळी चूल मांडून दे. तिला तरी सुकानं खाऊ दे."

तर ही बाई रोज सकाळी साखर उतरवणारी गोळी घेत होती आणि उपाशीपोटी बाजार गाठत होती. मी तिला हात धरून समजावलं की गोळी पोटात गेली की ती साखर खाली ओढणार, वरून अन्न नसेल तर पार तळाला नेणार. जेवण नाही तर गोळी नाही, म्हणून जेवण चुकवायचंच नाही. तिने मान डोलावली. मान डोलावणाऱ्या पेशंटवर माझा कधीच विश्वास नव्हता.

त्याच आठवड्यात शनिवारी एक मुलगी आली. तिशीच्या आसपासची, औषधाच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करणारी, नाव सुप्रिया. हातात मोबाइल, त्यात अॅप, अॅपमध्ये तिच्या प्रत्येक घासाचा हिशेब. बारा ते आठ ही तिची विंडो. पीसीओडी होतं, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार, आणि लग्नाला काही वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन थोडं उतरलं तर औषधाला साथ मिळेल आणि मूल राहायची शक्यता वाढेल.

"घरी माहीत आहे?"

"नवऱ्याला माहीत आहे. आईंना नाही. सासूबाईंना."

"का बरं?"

"त्या आशा लावून बसतील, मॅडम." ती मोबाइल उलटा-सुलटा करत राहिली. "इतकी वर्षं झाली, मला एकदाही विचारलं नाही त्यांनी. आळीतल्या बायका विचारतात तर त्यांनाच गप्प करतात. आता सांगितलं आणि नाही झालं तर त्यांचा चेहरा मला बघवणार नाही."

मी पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात तीच म्हणाली, "दिवसभर काही वाटत नाही हो. सकाळचं तेवढं फार जड जातं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. सकाळी कुणी आपल्यासाठी थांबून बसतं हे मला लग्नानंतर कळलं. आमच्याकडे एक जुनी जर्मनची परात आहे..."

माझं पेन थांबलं. पुढचं सगळं मला माहीत होतं.

आता सांगून टाकावं असं कुणालाही वाटेल. पण आमच्या कामात एक रीत आहे. एकीने टेबलावर सांगितलेलं दुसरीच्या कानावर घालायचं नाही, सख्ख्या नवऱ्याच्याही नाही. ती रीत मी कधीच मोडली नव्हती. लोक माझ्याकडे पोट उघडं करून बसायचे ते त्या भरवशावर. मी सुप्रियाला एवढंच म्हटलं, "घरात बोल. लवकर बोल." आणि पुढच्या शनिवारी सकाळी अकराला बोलावलं.

मग मी स्वतः मासळी बाजारात गेले. बोंबील घ्यायचं निमित्त केलं. देवकाबायने मला ओळखलं आणि चांगले मोठे निवडून टाकले. "गोळी घेताय ना वेळेवर?" मी विचारलं.

"बंद केली."

"काय?"

"तूच बोललीस ना, जेवन नाय तर गोळी नाय. जेवन तर नाय. मंग गोळी पन नाय."

आधी साखर तळाला गेली होती, आता गोळीशिवाय ती डोक्यावर चढणार; आणि गोळी परत सुरू करायची तर आधी तिचा उपास मोडायला हवा. तिथेच उभं राहून मी समोरच्या गाडीवरून केळी आणली, बोंबील राहिले बाजूला, आणि तिला माझ्यासमोर एक केळं खायला लावलं. माझ्याकडे बघत तिने ते औषधासारखं गिळलं. "शनिवारी अकराला या," मी म्हटलं. "साखर तपासायची आहे. नाही आलात तर मी घिवलीला येऊन तुमच्या दारात बसेन, आणि जेवणारही नाही."

ही भाषा तिला कळली.

शनिवारी दोघी आल्या. आधी देवकाबाय येऊन बाकावर बसली. मागून सुप्रिया आली आणि जागीच थबकली.

"आई? तुम्हाला काय झालं?"

"मला काय व्हतंय? तू इथं कशाला? तुला काय झालं?"

दोघींनी एकमेकींचे हात धरले. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीला काहीतरी भयंकर झालंय आणि ते आपल्यापासून लपवलंय. एक्स-रेसाठी बसलेली सगळी रांग आपापली दुखणी विसरून त्यांच्याकडे बघत होती. मी दोघींना आत घेतलं, दार लावलं आणि म्हटलं, "एकीचं दुसरीला मी काही सांगणार नाही. आपापलं आपणच सांगायचं. मी पाणी घेऊन येते." पाणी आणायला मला फार वेळ लागला. मी मुद्दाम लावला.

परत आले तेव्हा सुप्रिया खाली मान घालून रडत होती आणि देवकाबाय तिच्या पाठीवर हात फिरवत होती.

"मला नातवाची आशा हाय," ती म्हणत होती. "खोटं कशाला बोलू? देवासमोर बोलते मी रोज. पन तो येवो नायतर नाय येवो, सकाळी परातीवर मला तू पायजेस. त्याच्यासाटी तू उपाशी, आन मला वाटलं माझ्यावर रुसलीस."

"आणि तुम्ही गोळी बंद केलीत?" सुप्रियाने एकदम मान वर केली. रडणं विसरून ती चिडली होती. "मला विचारल्याशिवाय? उद्यापासून गोळी माझ्या हातातून घ्यायची."

देवकाबायने माझ्याकडे पाहिलं. ती सुनेची बोलणी खात होती, आणि तिला ते फार आवडत होतं.

पुढचं काम सोपं होतं. विंडो हलवायची, आणि थोडी सैलही करायची. सुप्रियाने सकाळी परातीत जेवायचं, दुपारी डबा खायचा, आणि दिवेलागणीच्या आत शेवटचा घास. मग रात्रीचा भात बंद. सासूने मात्र असलं काही करायचं नाही. तिन्ही वेळा जेवायचं आणि डॉक्टरांनी लिहिलेली गोळी त्यांनी सांगितली तशी घ्यायची. एवढ्यावर दोघी तयार झाल्या. खरी ओढाताण झाली ती सुनेच्या वाटणीवर, आणि ती देवकाबायने बाजारात बसल्यासारखीच केली.

"भाकरी दोन."

"एक."

"दोन लहान."

"दीड. आणि कालवणात नारळ निम्मा."

"नारळ निम्मा? त्याला मंग कालवन बोलायचं का पानी?" तिने बोटांवर हिशेब केला. "बरं, दीड. पन बोंबील जास्ती."

"जास्त चालेल. तळलेला नको."

"भाजलेला?"

"भाजलेला हवा तेवढा. वर शेवग्याच्या पाल्याची भाजी."

"झालं तर मंग," ती उठत म्हणाली. "सौदा झाला."

त्यानंतर तिला कुणी बाजारातून उचलून आणलं नाही. सुप्रियाचं वजन हळूहळू उतरलं, पाळी नियमित झाली. मागच्या पडवीत चूल मांडली गेली नाही, तिथे जाळी ठेवतात. पाळण्याचं म्हणाल, तर अजून नाही. त्यांचे डॉक्टर प्रयत्न करत आहेत. मला ज्यांच्या घरी जाऊन पेढा खावा असं मनापासून वाटलं अशी फार थोडी माणसं मला भेटली, त्यात या दोघी आहेत.

माझा कामाचा शेवटचा दिवस आला. खालच्या मजल्यावर छोटासा चहा झाला, केक कापला. डाएटवाल्या मॅडमसमोर तो खायचा की नाही याचा सगळ्यांना पेच पडला होता. दुपारी मी खोली आवरत होते. दार लावलेलं होतं. माझी ती सवयच. पेशंटने आहारतज्ज्ञाला जेवताना पाहू नये म्हणून मी डबा नेहमी दार लावून खायचे. घरी तर गेली काही वर्षं दार लावायचीही गरज राहिलेली नाही. हे गेले, मुलगी लांब असते. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो.

दारावर थाप पडली. देवकाबाय आणि सुप्रिया. देवकाबायच्या डोक्यावर फडक्यात बांधलेलं काहीतरी मोठं, गोल.

"चाललीस म्हनं," तिने खुर्ची ओढली. माझ्या खुर्चीसमोरची नव्हे, माझीच. मला समोर, पेशंटच्या जागेवर बसवलं. माझ्याकडे नीट न्याहाळून बघितलं, मनगटापाशी जरा जास्तच. मग म्हणाली, "काल सकाळपासून काय काय खाल्लंस?"

सुप्रिया तोंडावर हात धरून हसली. मीही हसले.

"सगळं," मी म्हटलं.

"सगळं म्हनजे?"

"सकाळी चहा."

"मंग?"

"बिस्किटं."

"अजून?"

तिने तो शब्द माझ्याहून गोड विचारला. मी दुपारचं आठवायला गेले, रात्रीचं आठवायला गेले. इतकी वर्षं लोकांनी या टेबलावर माझ्याशी खोटं बोलून पाहिलं होतं, आणि मला एक साधं खोटंसुद्धा सुचेना. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

देवकाबायने रबराची चपाती उचलून बाजूला ठेवली आणि फडकं सोडलं. कडेला चेपलेली, घासून घासून पांढरी पडलेली परात. तिच्यात तांदळाच्या भाकऱ्या, भाजलेले बोंबील, एका बाजूला शेवग्याची भाजी. सुप्रियाने स्टूल सरकवून माझ्यासाठी जागा केली. दोघी परातीवर वाकल्या, पण हात कुणीच लावला नाही.

"हात धुऊन ये," देवकाबाय म्हणाली. "तू बसल्याबिगर आमाला जेवता येत नाय."